उन्हाळ्यात पाणी चढत नसतं

"अवो, पानी चढतंय! गाडी काढा, गाडी!"

सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. टाकवे बुद्रुकच्या आमच्या वावरातून तिनं हाक मारली की नदीपलीकडच्या गावातली म्हैस मान वर करते. तोच आवाज ती कोकणातल्या एका पुळणीवर, सुरूच्या बनात सावलीला उभी राहून लावत होती. आणि मी खाली समुद्राच्या काठाला, लेकीच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर कोपर टेकून, हातातली आंब्याची कोय चोखत तिला समजावत होतो.

"अगं, मे महिना चाललाय! उन्हाळ्यात कुठं पाणी चढतं?"

शेजारी होडीला डांबर फासणारे तीन-चार कोळी हात थांबवून माझ्याकडं बघू लागले. मला वाटलं, ज्ञानाची कदर असलेली माणसं दिसतात.

आता तुम्ही हसाल. पण मावळातल्या कुणालाही विचारा. आमच्याकडं पाणी म्हणजे धरणाचं. पावसाळ्यात चढतं, दिवाळीनंतर उतरायला लागतं आणि मेपर्यंत तळ दाखवतं. त्या उघड्या तळावर आम्ही जिपा नेतो, क्रिकेटचे सामने भरवतो, आणि एका वर्षी तर मी तिथं अख्खी वरात नाचवली होती. पाण्यापासून चार हातांवर गाडी लावून झोपावं, तर उठेपर्यंत पाणी बिचारं आणखी मागं सरकलेलं असतं. हा जन्मभराचा अनुभव. तो समुद्राला लागू पडत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण गाडी मुळात तिथं नेलीच का, त्यामागं एक पैज होती. ती आधी सांगतो.

पैज

सुमनचं माहेर पवनेच्या धरणात आहे. धरणाजवळ नव्हे, धरणात. ती परकर नेसायच्या वयाची असताना पाणी आलं आणि गावावर बसलं. मे महिन्यात ते तळाला गेलं की तिच्या घराचं दगडी जोतं तेवढं उघडं पडतं. मग तिचे भाऊ, भावजया, पोरंबाळं सगळी तिथं जमतात. जोतं धुतात, हळदकुंकू वाहतात आणि जिथं तिच्या आईची चूल होती तिथंच तीन दगड मांडून इंद्रायणीचा भात शिजवतात. जोत्याच्याच दगडांवर बसून जेवतात आणि माघारी येतात. सुमननं हा भात कधी चुकवला नाही. आमच्या मनीषाच्या वेळी दिवस भरले होते तरी गेली. मनीषा धरणाच्या तळाशीच जन्मायची, थोडक्यात वाचली.

यंदा धरणवाल्यांनी पाणी सोडायचं थांबवलं आणि ते उतरता उतरता मध्येच अडलं. जोतं काही वर आलं नाही. सुमन दोनदा एसटीनं जाऊन काठावर बसून आली, आणि तांदळाची पिशवी दोन्ही वेळा तशीच परत आणली. मग तिनं बोलणंच टाकलं. सुमन बोलत नसली की आमच्या घरात इतकं शांत होतं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चवड्यांवर चालतं.

मी म्हणालो, "चल, तुला समुद्र दाखवतो."

"पानी बघायला कशाला जायाचं? माज्या घरावर हाय की पानी."

हे उत्तर मी लग्नापासून ऐकत आलो आहे. भाताच्या खाचरातलं पाणी सोडलं, तर तिनं कुठल्या पाण्यात पाय बुडवलेला मी पाहिलेला नाही. नदी नाही, तळं नाही, धरण तर नाहीच.

"पैज लाव," मी म्हणालो. "तू समुद्रात स्वतःहून पाय घालशील."

पैजेत काय ठेवायचं ते तिनंच काढलं. आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी मी बोलतो आणि गाव ऐकतं, हा जुना रिवाज आहे. आणि गोष्ट रंगात आली की सुमननं तिथून जाता जाता "काय बी सांगू नका" म्हणून तिच्यातली हवा काढायची, हा त्याहून जुना रिवाज. तेव्हा ठरलं असं : तिनं आपल्या मनानं समुद्रात पाय घातला, तर तिनं वर्षभर चारचौघांत माझं बोलणं खोडायचं नाही. कोरड्या पायानं परत आली, तर मी अख्खा पावसाळा पारावर तोंड उघडायचं नाही.

अख्खा पावसाळा! गावानं काय भिंतींचं ऐकायचं?

मनीषा तळेगावच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं आपली नवी गाडी दिली. "बाबा, एक ओरखडा दिसला तर बघा," एवढंच म्हणाली. सुमननं कपडे ठेवले, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि शेवटी ती तांदळाची पिशवी, वर पातेलं.

"हे कशाला?"

"असू द्या."

घाटाखाली

लोणावळ्यात चिक्की घेतली. चिक्की ही खायची वस्तू नाही, ती दुसऱ्याला द्यायची वस्तू आहे, हे आम्हां मावळकरांना ठाऊक असतं. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीत आलो तर ऊन असं, की गाडीच्या बॉनेटवर पापड ठेवला असता तर स्वतःच भाजून, दोन तुकडे होऊन ताटात येऊन बसला असता. पेणजवळ चिक्कीच्या वड्यांनी एकमेकींचे हात धरले आणि त्यांचा एकच दगड झाला.

समुद्र आम्हांला दिसला तो काशीदच्या अलीकडं. रस्त्यानं एक वळण घेतलं, झाडं बाजूला झाली, आणि मी ब्रेक दाबला. समोर निळं होतं. मागं निळं होतं. जिथं डोंगर असायला पाहिजे तिथंही निळंच होतं. राजमाची, लोहगड, विसापूर असे सगळे किल्ले उचलून एकावर एक त्यात ठेवले असते तरी वरच्याचं टोक दिसलं नसतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. असं माझ्या बाबतीत होत नाही.

सुमन काच खाली न करताच बघत होती.

"पलीकडचा काठ कुटं हाय?"

"नाही."

"न्हाई म्हंजी?"

"नाहीच. काठ हा एवढाच, आपण उभे आहोत तेवढा."

तिनं काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "मंग हे अडवलंय कुनी?"

"कुणीच नाही."

"चला म्होरं," ती म्हणाली आणि पदर डोक्यावरून घेतला.

त्या रात्री मुरुडला एका घरगुती खाणावळीत सुरमई खाल्ली. तुकडा इतका मोठा, की तो ताटात नव्हता, ताट त्याच्याखाली कुठंतरी होतं. आमच्याकडं ज्यात त्यात शेंगदाण्याचा कूट, तसं इकडं ज्यात त्यात ओलं खोबरं. आमटीत खोबरं, उसळीत खोबरं, आणि मला संशय आहे की चहातही होतं. सुमननं वाटीतली सोलकढी हुंगली, एक घोट घेतला, आणि मग माझीही वाटी ओढून घेतली. झोपायला गेलो तर डास. त्यातला एक उशीवर बसून माझं गाव, गोत्र आणि रक्तगट विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी अगरदांड्याला मला वाटलं, जिंकलो. तिथून पुढं रस्ताच नाही, खाडी आहे, आणि गाडी फेरीबोटीत घालून पलीकडं दिघीला न्यायची. बोटीत लोक गाडीतून उतरून कठड्याला उभे राहिले. पाणी पायांपासून हातभर खाली. मी सुमनला हाका मारून दमलो. तिनं गाडीच्या चारही काचा वर केल्या, दारं आतून लावली आणि मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन ती सबंध खाडीभर समोर बघत बसली. दिघीला उतरल्यावर म्हणाली, "झाला समुद्र."

पुढं श्रीवर्धनकडं जाणारा किनाऱ्याचा रस्ता मात्र तुम्ही आयुष्यात एकदा बघाच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट पाणी, आणि मधे रस्ता असा की देवानं घाईत दोरी टाकून ठेवलीय. दक्षिणेकडं जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या खिडकीत येतो. लाट खडकावर फुटली की तुषार माझ्या चष्म्यावर. मी खरं सांगतो, आणि हे मी क्वचित म्हणतो, त्या रस्त्यावर मला रडू येईल असं वाटलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घाटाच्या पायथ्याशी रोज चाललेलं असतं, आणि आपण वर बसून गवतावरून भांडत असतो.

"बघ तरी!" मी ओरडलो.

"मी डोंगराकडं बसलेय," सुमन म्हणाली. "डोंगर बघते."

पुळणीवर

बाणकोटची खाडी तशीच बंद काचांत ओलांडून आम्ही केळशीच्या बाजूला आलो. परतीला एकच दिवस उरला होता, आणि माझा पावसाळा माझ्या डोळ्यांपुढं नुसता गळत होता. तिथं सकाळी मला ती पुळण दिसली. लांबच लांब, सपाट, ओली, आणि समुद्र तर पार मागं सरकलेला. वाळू इतकी टणक, की वरून बैलगाडीची चाकोरी गेलेली.

माझ्या डोक्यात वीज चमकली. सुमन पाण्यापर्यंत येत नाही ना? पाण्याला सुमनपर्यंत न्यायचं.

गाडी थेट खाली घातली, पाण्याशी नेली, वळवली, आणि अशी लावली की सुमनचं दार समुद्राकडं. तिनं दार उघडून पाय खाली टाकला की पाय पाण्यात. स्वतःहून!

"उतर," मी म्हणालो. "आंबे खाऊ."

तिनं खिडकीतून पाणी बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला, एक पाय गिअरच्या पलीकडं टाकला, स्टिअरिंगला वळसा घातला आणि माझ्या बाजूच्या दारानं कोरडी बाहेर पडली. जाताना मला खाली उतरवून माझ्या पायावर पाय देऊन गेली. थेट सुरूच्या बनात जाऊन बसली, आणि थोड्या वेळानं तिथूनच तिनं ती आरोळी ठोकली, जिच्यापासून आपण सुरुवात केली.

"पानी चढतंय म्हंते ना!"

"तुला भास होतोय!" मी ओरडलो, आणि माझ्या चपला माझ्यासमोरून तरंगत गेल्या.

तेव्हा मी गाडीत बसलो, चालू केली आणि सगळा जीव लावून ॲक्सिलेटर दाबला. जी वाळू मघाशी सडकेसारखी होती, तिची लापशी झाली होती. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी भरल्या पोटाच्या म्हशीसारखी खाली बसली. एक लाट आली ती दारापर्यंत. दुसरी आली ती आत डोकावली. मला मनीषाचा चेहरा दिसला.

कोळ्यांनी डांबराचे ब्रश टाकले. त्यांची एक बाई, उंच, आडव्या हाडाची, सगळ्यांच्या पुढं धावत येत ओरडत होती, "आवो पाव्हणं! दर्या हाय ह्यो, तुमचा तलाव नाय!" ती हिराबाय. होड्या वर ओढायच्या फळ्या आणि दोर घेऊन सात-आठ जणं आली. मी पारावर सांगताना दोनशे सांगतो, पण लिहिताना माणसानं जरा जपून असावं.

फळ्या चाकांखाली सारल्या. दोर बांधला. एकानं आरोळी दिली, बाकीच्यांनी ओढलं, गाडी हलली आणि पुन्हा बसली. मागून रेटा कमी पडत होता.

तेवढ्यात आरशात मला लुगड्याचा हिरवा रंग दिसला. सुमन! कंबरेला पदर, कासोटा वर, गुडघाभर पाण्यात, गाडीला खांदा लावून. आमच्याकडं चिखलात रुतलेल्या बैलगाडीला लावतात तसा.

"दाबू नगा एकदम!" ती ओरडली. "हळू सोडा! हळू!"

मी हळू सोडलं. दोर ताणला. सगळ्यांनी मिळून अशी हाळी दिली की वरच्या बनातले कावळे उडाले, आणि गाडी फळ्यांवरून एका दमात कोरड्यावर. सायलेन्सरमधून पाणी, दाराच्या फटीत शेवाळ, आणि मागच्या सीटवर एक खेकडा, मालकासारखा.

मी खाली उतरलो आणि आधी काय म्हणालो असेन? आभार मानले असतील असं तुम्हांला वाटेल.

"जिंकलो!" मी म्हणालो. "पाय घातला!"

हिराबायच्या पडवीत

दुपारी पैजेचा निवाडा हिराबायच्या पडवीत झाला. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढ्यात, बाहेर गाडी चारही दारं उघडून वाळत टाकलेली. चिक्कीचा दगड हिराबायनं पाट्यावर फोडला आणि सगळ्यांना वाटला. मी माझी बाजू मांडली, सुमननं तिची मांडली. तिची बाजू एका वाक्याची होती : "लेकीची गाडी व्हती."

हिराबायनं चिक्कीचा तुकडा दुसऱ्या गालात सारला. "ती गाडीसाठी गेली. दर्यासाठी नाय. पैज उभी हाय."

सगळी पडवी हसली. "उन्हाळ्यात पानी चढत नाय!" असं एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी लोळायचं, असं दुपारभर चाललं होतं. मी तोंड पाडून बसलो. अशा अवस्थेत मी तीनच भाकऱ्या खाल्ल्या.

सुमन मात्र उंबऱ्याशी बसून समुद्राकडं बघत होती. जिथं आमची गाडी होती तिथं आता पुरुषभर पाणी होतं.

"हे आता कवा जानार?" तिनं विचारलं.

"सांजच्याला," हिराबाय म्हणाली. "सुकती लागली की."

"किती जातं?"

"आलं तेवडं सगळं."

"आन परत?"

"परत येतं. रातच्याला. फाटे परत जातं. रोज दोन डाव."

सुमननं विचारलं, "कुनाला अर्ज करावा लागतो का? सोडा म्हनून?"

"कुनाला करनार?" हिराबाय हसली. मग सुमनचा चेहरा बघून हसायची थांबली, आणि तिनं नुसती भाकरी पुढं सरकवली.

सुकती

ऊन कललं तेव्हा मी पुळणीवर गेलो, आणि खरंच, पाणी गेलं होतं. पुरुषभर पाणी! सकाळची वाळू पुन्हा तिथंच, ओली, चकाकणारी. आमच्या चाकांचे खड्डे तेवढे भरले होते, जणू कुणी हात फिरवून गेलं होतं. धरणाचं पाणी एवढं उतरायला आमच्याकडं सहा महिने लागतात. इथं माझं दुपारचं जेवण पचेपर्यंत समुद्रानं अर्धा मैल घर रिकामं करून दिलं होतं.

सुमन माझ्या आधीच आली होती. गाडी जिथं रुतली होती, साधारण तिथंच ती उकिडवी बसली होती, आणि खडकांवरून आणलेले तीन दगड मांडत होती. शेजारी तांदळाची पिशवी आणि पातेलं. हिराबायनं जळणाला नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्यांचा भारा आणून टाकला. का, कशाला, काही विचारलं नाही.

समुद्राच्या तळावर चूल पेटली. इंद्रायणीचा वास तुम्हांला माहीत नसेल तर मी सांगून उपयोग नाही. खाऱ्या वाऱ्यात तो असा पसरला की होड्यांजवळची माणसं एकेक करून उठून आली. सुमननं दगडांना हळदकुंकू लावलं. भाताचा पहिला घास चुलीशी ठेवला. मग सगळ्यांना पळसाची नव्हे, केळीची पानं, कारण कोकणात आलो होतो, आणि त्यावर भात, वर हिराबायची सुक्या मासळीची आमटी. आम्ही ओल्या वाळूवर मांडी घालून जेवलो. भात चिकट असतो, त्यावर हिराबाय म्हणाली, "हाताला सोडत नाय ह्यो." पण तिनं दोनदा वाढून घेतला.

सूर्य पाण्यात गेला तेव्हा माणसं पांगली. चूल विझली होती. आणि लांबवर पहिली लाट फिरली. आधी एक पातळ पदर आला, माघारी गेला. दुसरा थोडा पुढं आला. सुमन चुलीपाशी उभी राहिली. मी पाठीमागं, दहा पावलांवर. पुढच्या पाण्यानं दगडांना वेढा घातला, राखेचा काळा डाग उचलला आणि तो हळूच ओढून नेला. मला वाटलं, ती आता मागं सरेल.

ती सरली नाही. तिनं पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या आणि दगडांच्या पलीकडं दोन पावलं पुढं गेली. पाणी तिच्या घोट्यांवरून गेलं, परत फिरलं, पुन्हा आलं. ती खाली वाकून काहीतरी पुटपुटली. लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी जिंकलो होतो. पण सांगतो, त्या वेळी मला "जिंकलो" म्हणायचं सुचलंच नाही. एवढं आभाळ, एवढं पाणी, आणि मधे ती हिरव्या लुगड्यातली बाई. मी माझ्या चपलांशिवाय उभा होतो. काळोख झाल्यावर तीच माघारी आली आणि म्हणाली, "गाडी सुकली का बगा."

टाकव्याच्या पारावर

परत आलो. गाडीला ओरखडा नव्हता, हे मनीषानं तीनदा फिरून तपासलं. खेकड्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी पारावर गाव जमलं. मी सुरुवात केली. समुद्र केवढा, तर आपली सगळी धरणं त्याच्या एका घोटात जातील. लाट केवढी, तर लोहगडाला कुर्निसात करायला लावील. गाडी बुडाली तेव्हा दोनशे कोळी धावले, आणि खेकडे खालून खांदा देत होते. मी जोरात होतो. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते.

तेवढ्यात गवताचा भारा डोक्यावर घेऊन सुमन वावरातून येताना दिसली. पारावरचा आमचा किसन, जो माझ्या शब्दावर कधीच विश्वास ठेवत नाही, लगेच उठला.

"मावशी, थांबा की! भाऊ सांगत्यात ते खरं का वो? कसा हाय समुद्र?"

सगळा पार तिच्याकडं बघायला लागला. मीही. वर्षभर तिनं मला खोडायचं नव्हतं, आणि खोटं तर तिला जन्मात बोलता आलेलं नाही.

सुमननं भारा डोक्यावर नीट केला.

"पानी हाय," ती म्हणाली. "येतं नि जातं."